दक्षिण कोंकणांतील उन्हाळी पाण्याचें जतन

(१)

कोंकणांत पाण्याचा दुष्काळ असतो असें देशावरील मनुष्यास सांगितलें तर त्यास तें खरें वाटत नाहीं. ज्या प्रांतांत वर्षास सुमारें ३००० मिलिमीटर, म्हणजे जुन्या मापानें १२० इंच, पाऊस पडतो, त्याच प्रांतांतील बायका वैशाखांत डोक्यावर हंडा व कडेवर कळशी घेऊन पाण्यासाठीं अर्धा अर्धा कोस चालतात, हें प्रत्यक्ष पाहिल्यावांचून पटण्यासारखें नाहीं. आम्ही सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील नांदगांवचे रहिवासी आहों. हा गांव कणकवली तालुक्यांत मुंबई-गोवें रस्त्यावर असून येथूनच देवगडाकडे जाणारा फांटा फुटतो. आषाढांत ज्या व्हाळाच्या पलीकडे जाण्यास माणूस धजत नाहीं, त्याच व्हाळांतून फाल्गुनांत मुलें कोरड्या पायांनीं शाळेंत जातांना आम्हीं चाळीस वर्षें पाहिलीं आहेत.

याचें कारण शोधावयास फार लांब जावयास नको. सह्याद्रीचा माथा व समुद्र यांमध्यें येथें जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरांचें अंतर. तेवढ्यांत पाणी दोन-अडीच हजार फूट खालीं उतरतें. शिवाय कातळाचा वरचा थर जांभ्याचा. जांभा सच्छिद्र असल्यामुळें पाणी पितो खरा, पण तें धरून ठेवीत नाहीं. त्याच्या खालच्या चिकण मातीच्या थरावरून तें घसरत जाऊन डोंगराच्या पायथ्याशीं झऱ्यांच्या रूपानें बाहेर पडतें, व्हाळास मिळतें आणि खाडींत जातें. तात्पर्य, पाऊस किती पडला हा आमच्या प्रांतांत मुख्य प्रश्न नव्हे. पडलेलें पाणी किती दिवस थांबलें हा मुख्य प्रश्न होय.

हा प्रश्न आमच्या पूर्वजांनीं कसा सोडविला, याचा विचार प्रस्तुत लेखांत कर्तव्य आहे. त्यासाठीं आम्हीं चार स्थळें निवडिलीं आहेत. पहिलें कान्हेरी, तें उत्तर कोंकणांतलें असलें तरी लेखरूप पुराव्याच्या दृष्टीनें अगत्याचें आहे. दुसरें मालवण तालुक्यांतील धामापूरचें तळें, तिसरें मालवणासमोरील सिंधुदुर्ग किल्ला, आणि चवथें आमचा स्वतःचा गांव. या चारहि ठिकाणीं दगडमातीचें काम निरनिराळें आहे. परंतु त्या कामाच्या मागें असलेला नियम एकच आहे, आणि काम टिकलें तें त्या नियमाच्या बळावर, असें आमचें प्रतिपादन आहे.

(२)

प्रथम संज्ञांचा थोडा विचार करूं. मालवणाकडे विहिरीस ‘बाव’ म्हणतात. हा शब्द संस्कृत ‘वापी’ शब्दापासून प्राकृत ‘वावी’ या द्वारें आला आहे हें उघड आहे. वाटसरूंस पाणी पाजण्याच्या जागेस आपण पाणपोई म्हणतों. त्यांतील ‘पोई’ म्हणजे संस्कृत ‘प्रपा’. वापी, कूप, तडाग, प्रपा इत्यादि लोकोपयोगी कामांस धर्मशास्त्रांत ‘पूर्त’ अशी संज्ञा असून यज्ञादि ‘इष्ट’ कर्मांच्या जोडीनें तीं पुण्यप्रद मानिलीं आहेत. इतकेंच नव्हे, तर जलाशय बांधून झाल्यावर त्याचा विधिपूर्वक ‘उत्सर्ग’ करावा लागे. उत्सर्ग म्हणजे धन्यानें आपला हक्क सोडून तें पाणी सर्व प्राण्यांकरितां मोकळें करणें. सतराव्या शतकांत काशीस राहिलेल्या आपल्या दाक्षिणात्य नीलकंठ भट्टानें भगवंतभास्कर या ग्रंथाच्या बारा मयूखांपैकीं एक मयूख केवळ या उत्सर्गविधीस वाहिला आहे, यावरून त्या विषयाचें महत्त्व ध्यानीं येईल.

धर्मशास्त्र पुण्याची भाषा बोलतें, तर अर्थशास्त्र दंडाची. कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी म्हैसूर येथें शामशास्त्री यांस मिळून १९०९ सालीं ती छापून प्रसिद्ध झाली; तेव्हांपासून बांधबंदिस्तीविषयींचे जे नियम आपणांस ठाऊक झाले, त्यांतील तीन येथें लक्षांत ठेवण्यासारखे आहेत. पहिला असा कीं, गांवानें मिळून बांध घालावयाचा असतां जो त्यांतून अंग काढून घेईल, त्याच्या चाकरांनीं व बैलांनीं तें काम करावें, खर्चाचा वांटा त्यानें सोसावा आणि फळाचा भाग मात्र त्यास मिळूं नये. दुसरा असा कीं, संकटाचें कारण नसतां जो धनी आपला बांध पांच वर्षें वापराविना पडीत टाकील, त्याचें स्वामित्व नष्ट व्हावें. उलटपक्षीं जो नवें तळें किंवा बांध घालील त्यास पांच वर्षें, आणि जो मोडून ओसाड पडलेला पुन्हां उभा करील त्यास चार वर्षें करमाफी असावी. तिसरा नियम पाण्याच्या सरकारी भागाचा आहे: हातानें उपसलेल्या पाण्यावर पांचवा भाग, खांद्यांच्या बळावर वाहिलेल्यावर चौथा, आणि यंत्रानें ओढलेल्यावर तिसरा. उपसणें जों जों सोपें, तों तों देणें अधिक. या तिसऱ्या नियमाकडे आम्हांस लेखाच्या शेवटीं पुन्हां यावयाचें आहे.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत, म्हणजे इसवी सनाच्या सहाव्या शतकांत, ‘दकार्गल’ नामक अध्याय आहे. मनुष्याच्या शरीरांत जशा शिरा तशा भूमीच्या पोटांत पाण्याच्या शिरा असतात, अशी कल्पना करून कोणतें झाड, कोणतें वारूळ व कोणती माती असतां किती पुरुष खोलीवर पाणी लागेल याचीं गमकें त्यांत दिलीं आहेत. तीं सर्वच आज मान्य होतील असें नाहीं. परंतु जमिनीच्या पोटांतील पाणी आणि वरील झाडोरा यांचा संबंध आहे, ही त्यामागची दृष्टि खरी आहे. आमच्या इकडे बहुतेक देवळांच्या लगत राई असते व पुष्कळ ठिकाणीं तिच्या पायथ्याशीं बारमाही झरा असतो. देवाच्या भयानें राई राहिली आणि राईमुळें पाण्यास थांबावयास अवधि मिळाला, असा हा क्रम आहे.

(३)

आतां पहिलें स्थळ. साष्टींतील कान्हेरीच्या डोंगरांत शंभरांवर लेणीं असून बहुतेक लेण्याजवळ खडकांत खोदलेलें पाण्याचें टांकें आहे. लेण्यावरून ओघळणारें पावसाचें पाणी पन्हळींनीं या टांक्यांत आणून सोडिलें आहे. येथील प्राकृत लेखांत या टांक्यांस ‘पोढि’ म्हटलें असून ‘पानियपोढि’ दान दिल्याचे उल्लेख पुनःपुन्हां येतात. भिक्षूंचा समुदाय डोंगरावर राहणारा. खालीं नदी नाहीं, वर तलाव नाहीं. तेव्हां चार महिन्यांच्या पावसावर आठ महिने काढणें त्यांस प्राप्त होतें. त्यांनीं एकच मोठा जलाशय न करितां प्रत्येक वसतिस्थानापाशीं त्याचें त्याचें टांकें केलें. ज्यानें त्यानें आपल्या दाराशीं सांठविलेलें पाणी डोळ्यांसमोर कमी होतांना पाहावें आणि त्या मानानें वापरावें, ही सोय या रचनेंत आपोआप साधली आहे.

याच ठिकाणीं एका टांक्यापाशीं जो संस्कृत लेख आहे तो इतिहासज्ञांच्या परिचयाचा आहे. वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी ही कार्दमक कुळांतील महाक्षत्रपाची कन्या होती, हें त्या लेखावरून कळतें. सातवाहन व क्षत्रप या दोन वैरी घराण्यांच्या या सोयरिकीची वार्ता आपणांपर्यंत पोहोंचली ती त्या लेखामुळें. आणि तो लेख कशाचा? शतेरक नामक अमात्यानें पाण्याचें टांकें दान दिल्याचा! इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांतील राजकुळांचें नातें पाण्याच्या टांक्यानें जपून ठेवावें, ही गोष्ट आम्हांस तरी अर्थपूर्ण वाटते.

(४)

कान्हेरीचें पाणी एका समुदायापुरतें. धामापूरचें तळें सबंध टापूचें. मालवण तालुक्यांतील हें तळें भगवती देवीच्या देवळाला लागून आहे. तें इ. स. १५३० मध्यें विजयानगरच्या राजाचा मांडलिक नागेश देसाई यानें गांवकऱ्यांच्या साह्यानें बांधिलें, असें परंपरा सांगते. तें साल खरें धरिल्यास विजयानगरच्या गादीवर त्या वेळीं अच्युतराय होता. सिंचनविषयक आंतरराष्ट्रीय मंडळानें २०२० सालीं या तळ्याचा जागतिक वारसा म्हणून गौरव केला, आणि त्याच वर्षीं त्याच यादींत आंध्रांतील पोरुमामिळ्ळ येथील तलावाचाहि समावेश झाला. या योगायोगाचा लाभ घेऊन दोहोंची तुलना करणें बोधप्रद होईल. कारण पोरुमामिळ्ळ येथें जें तळें बांधण्याचें शास्त्र शिलालेखांत नमूद आहे, तेंच धामापुरास भूमीवर दिसतें.

पोरुमामिळ्ळ येथील संस्कृत शिलालेख शके १२९१ म्हणजे इ. स. १३६९ चा असून तो विजयानगरचा राजपुत्र भास्कर यानें कोरविला. त्यांत तलावाचीं बारा अंगें व सहा दोष सांगितले आहेत. धर्मशील राजा, जलशास्त्र जाणणारा ब्राह्मण, कठीण चिकण माती, दुरून येणारी गोड्या पाण्याची नदी, दोन बाजूंस डोंगर व त्यांच्यामध्यें फार लांब नसलेला पण भक्कम दगडी बांध, विस्तीर्ण व खोल पोट, जवळच दगडाची खाण, खालीं सुपीक शेतजमीन, आणि कामांत तरबेज अशी माणसांची टोळी इत्यादि अंगें होत. बांधांतून पाणी झिरपणें, खारट जमीन, दोन राज्यांच्या सीमेवर जागा असणें, तळ्याच्या मध्यभागीं उंचवटा असणें, पाणी थोडें व भिजवावयाची जमीन फार असणें, आणि याच्या उलट पाणी फार व जमीन थोडी असणें, हे दोष होत. एक हजार मजूर व शंभर गाडे दोन वर्षें राबून तें काम पुरें झालें, असेंहि लेखांत म्हटलें आहे.

आतां धामापुरास जाऊन उभें राहावें. दोहोंकडे झाडीनें भरलेले डोंगर, त्यांच्यामधील अरुंद जागीं बांध, वर पाणलोट आणि खालीं भातशेती व माडांच्या बागा: शिलालेखांतील अंगें एकामागून एक नजरेस पडतात. तेथील बांधणाऱ्यांनीं तो शिलालेख वाचला होता असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु एकाच राज्याच्या छायेंत दोन शतकें जें ज्ञान कारागिरांच्या हातांतून फिरत होतें, तें डोंगर ओलांडून कोंकणांत उतरणें अशक्य नव्हतें. मात्र बारा अंगांपैकीं जें अंग आम्हांस सर्वांत महत्त्वाचें वाटतें तें निराळेंच आहे: तें म्हणजे माणसांची टोळी. दगड एकदां लागतो. माणसें प्रतिवर्षीं लागतात. धामापूरच्या डोंगरांवरील झाडी तुटली असती तर गाळानें तें तळें केव्हांच भरून गेलें असतें. देवीच्या सान्निध्यामुळें व गांवाच्या दक्षतेमुळें झाडी राहिली, म्हणून आज मालवण शहरालाहि या तळ्याचें पाणी पुरविणें शक्य झालें.

(५)

धामापुराहून मालवणास आलें म्हणजे समोर समुद्रांत सिंधुदुर्ग दिसतो. कुरटे नामक खडकाळ बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं शिवछत्रपतींनीं या दुर्गाचा पाया घातला आणि सुमारें तीन वर्षांनीं तो पुरा झाला. बेटाचें क्षेत्र अदमासें अठ्ठेचाळीस एकर. चोहोंकडे खारें पाणी. आंत मात्र दूधबाव, दहीबाव व साखरबाव या नांवांच्या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. किल्ला पाहावयास येणाऱ्या प्रत्येकास हा चमत्कार म्हणून दाखविण्यांत येतो. आमच्या मतें यांत चमत्कार नाहीं. पण चमत्काराहून थोर अशी एक गोष्ट आहे, ती म्हणजे विचारपूर्वक केलेली निवड.

खाऱ्या पाण्याहून गोडें पाणी हलकें असतें. बेटावर पडलेला पाऊस जमिनींत मुरला म्हणजे तो खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो. १८८९ च्या सुमारास घायबेन या डच इंजिनिअरानें व १९०१ मध्यें हेर्झबर्ग या जर्मन संशोधकानें स्वतंत्रपणें दाखवून दिलें कीं, सच्छिद्र जमिनींत गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या एक फूट वर असेल तर खालीं सुमारें चाळीस फूटपर्यंत गोडें पाणी असूं शकतें. परंतु याचा व्यत्यासहि तितकाच खरा आहे: वरचें एक फूट पाणी उपसून संपविलें तर खालून चाळीस फूट खारें पाणी वर चढूं लागतें. खडकाळ बेटावर भेगांच्या मानानें हें प्रमाण बदलतें, तरी तत्त्व तेंच. म्हणजे किनाऱ्यावरील गोडी विहीर ही तुळईच्या पारड्यासारखी असते. उपसा जरा अधिक झाला कीं पारडें फिरतें, आणि एकदां खारावलेली विहीर पुन्हां गोड होण्यास पुष्कळ काळ जावा लागतो.

हें गणित त्या काळच्या लोकांस अंकांनीं ठाऊक नव्हतें; व्यवहारानें ठाऊक होतें, याचा पुरावा रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आहे. शिवकालापासून राज्यकारभार पाहिलेल्या या मुत्सद्द्यानें इ. स. १७१५ च्या सुमारास कोल्हापूरच्या संभाजी महाराजांसाठीं तें लिहिलें. तेव्हां सिंधुदुर्ग कोल्हापूरच्याच राज्यांत होता, आणि अमात्यांचें ठाणें बावडा हें आमच्या मुलुखाच्या माथ्यावरच, घाट चढला कीं लागतें. त्यांतील दुर्गप्रकरणाचा आशय असा: किल्ला बांधण्यापूर्वीं पाणी पाहावें, पाणी नसून जागा बांधणें अगदीं अवश्यच असेल तर खडक फोडून टांकीं व तळीं करावीं, एखादा झरा आहे म्हणून निश्चिंत राहूं नये, कारण लढाईंत तोफांच्या आवाजानें झरे आटतात आणि खर्च मात्र वाढतो, याकरितां जखिऱ्याचें पाणी म्हणून दोनचार टांकीं निराळीं भरून ठेवावीं, एरवीं त्यांस हात लावूं नये, आणि गडाचें पाणी फार जपून राखावें.

तोफांच्या आवाजानें झरे आटतात कीं नाहीं हा वाद बाजूस ठेवूं. या उताऱ्याचें मर्म ‘जखिरा’ या एका शब्दांत आहे. धान्याचा, दारूगोळ्याचा जसा जखिरा तसाच पाण्याचा. आणि जखिरा म्हणजे जो नित्याच्या वापरास खुला नाहीं तो सांठा. सिंधुदुर्गावर एकच मोठी विहीर न खणतां तीन बावी केल्या, त्याचें कारण आम्ही यांत पाहतों. एकीवर बोजा पडला तर दुसरीस विसांवा मिळावा, आणि एक बिघडली तरी दोन उराव्यात.

नांवांविषयींहि एक तर्क सुचतो. दूध, दही व साखर हीं पंचामृताच्या पांच द्रव्यांपैकीं तीन आहेत. ज्या विहिरीस पंचामृताच्या द्रव्याचें नांव दिलें, तिच्या कांठीं कोणी धुणें धुणार नाहीं, गुरें आणणार नाहीं. नुसत्या नांवावरून इतिहास रचणें धोक्याचें असतें हें आम्ही जाणतों. म्हणून हा तर्क म्हणूनच वाचकांपुढें ठेवितों. किल्ल्यावर आजहि कांहीं कुटुंबें राहतात आणि पावसाळ्यांत समुद्र खवळला कीं मालवणाशीं त्यांचें दळणवळण तुटतें. १७६५ त इंग्रजांनीं किल्ला घेतला व पुढच्याच वर्षीं परत केला. १८१२ च्या तहानें तो कायमचा त्यांजकडे गेला. निशाणें अशीं बदललीं. बावींचें पाणी मात्र गोडच राहिलें, कारण उपसा मर्यादेंत राहिला.

असाच प्रकार परदेशांतहि घडला आहे. इटलींतील व्हेनिस शहर खाऱ्या पाण्यांत वसलेलें. १८८४ सालीं नळानें पाणी येईपर्यंत तें शहर चौकाचौकांतील वाळूनें गाळलेल्या पावसाच्या पाण्यावर जगलें. त्या विहिरींस झांकणें असून कुलुपाच्या किल्ल्या वस्तीच्या मुखियाजवळ असत, आणि ठराविक वेळीं घंटा वाजली म्हणजे त्या उघडीत. झांकण, किल्ली आणि घंटा ही व्हेनिसची रीत. नांव, जखिरा आणि धाक ही आमची. तत्त्व एकच.

(६)

किल्ल्यावर हुकूम चालतो. खेड्यांत हुकूम कोणाचा? याचें उत्तर आमच्या गांवच्या बांधांत आहे. कार्तिकांत भातकापणी आटोपली कीं व्हाळाचा ओघ मंदावतो. तेव्हां वाडींतील प्रत्येक घरचें एक माणूस पहाटेस व्हाळावर जमतें. पात्रांत लाकडी मेढी रोवून, त्यांस आडवे वासे बांधून, मध्यें झाडाचा टाळ, दगड व गवत घालून वर चिखल लिंपावयाचा. एका दिवसांत बांध उभा राहतो. पुढच्या पावसांत तो वाहून जातो आणि पुढल्या वर्षीं नवा घालावा लागतो. आतां मेढींच्या जागीं सिमेंटच्या रिकाम्या गोण्या वाळूमातीनें भरून रचतात व त्यास वनराई बंधारा म्हणतात. साहित्य नवें, रीत तीच. अडलेल्या पाण्यावर पूर्वीं वायंगणी भात होई. लाटेनें किंवा रहाटानें पाणी काढून कुळीथ-भाजीपाल्याचे मळे शिंपीत. परंतु बांधाचें खरें काम डोळ्यांस दिसत नाहीं. अडलेलें पाणी दोन्ही कांठांच्या जमिनींत मुरतें आणि आसपासच्या बावींची पातळी टिकवून धरतें.

बांधाच्या जोडीनें घरोघरीं वापराची एक ठराविक उतरंड होती. पहांटेचें निवळ पाणी पिण्यास व स्वयंपाकास. उन्हें वर आल्यावरचें आंघोळीस. धुणें व गुरें व्हाळावर, बावीवर नव्हे. न्हाणीचें पाणी पन्हळीनें माडाच्या आळ्यांत, भांडीं विसळल्याचें अळवास व केळीस. आमच्या आजीच्या वेळीं एका घागरीनें तीन कामें केल्याशिवाय ती जमिनींत मुरत नसे. ही कांहीं दारिद्र्याची खूण नव्हे. हा घरचा जखिरा होय.

आतां जें सांगावयाचें तें आमच्याच दोषाचें आहे. आमच्या वाडींत विंधणविहीर झाली त्या वर्षीं, बटण दाबतांच पाणी येतें तर थंडींत व्हाळांत उभें राहून बांध कशास घालावा, असें बोलणाऱ्यांत आम्हीहि होतों. आणि शाळामास्तरानें म्हटल्यामुळें त्या बोलण्यास वजन आलें. तीन वर्षें बांध पडला नाहीं. तिसऱ्या वर्षीं चैत्रांतच बाव कोरडी पडली व वैशाखाच्या आरंभीं विंधणविहीरहि भरड आवाज करून थांबली. त्या उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहत रस्त्याच्या कडेस मांडलेल्या हंड्यांच्या रांगेंत आमच्याहि घरचा हंडा होता. पुढल्या कार्तिकांत आम्हीं स्वतः पहिला मेढा रोविला. त्यानंतरच्या वैशाखांत बावींत गुडघाभर पाणी राहिलें. त्या वर्षीं पाऊसहि दसऱ्यापर्यंत लांबला होता, म्हणून सगळें श्रेय बांधास देणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. पण अर्थशास्त्रांतील जो श्लोकवजा नियम आम्हीं मुलांस तोंडपाठ सांगत होतों, कीं मिळून घालावयाच्या बांधांतून अंग काढणारानें खर्च सोसावा व फळास मुकावें, त्याचा अर्थ आम्हांस त्या रांगेंत उभें राहिल्यावर समजला.

(७)

येथवर जतनाचा विचार झाला. परंतु इतिहास लिहिणारानें सोयीची तेवढीच बाजू मांडूं नये. उत्सर्गविधीनें सर्व प्राण्यांस मोकळें केलेलें पाणी आमच्या समाजानें सर्व माणसांस मोकळें ठेविलें नाहीं. आमच्या लहानपणींहि गांवोगांवीं जातवार पाणवठे होते, आणि उन्हाळ्यांत ज्यांचा झरा आधीं आटे त्यांस दुसऱ्याच्या दारीं, दुसऱ्यानें वरून ओतलेल्या पाण्यावर अवलंबून राहावें लागे. मुंबईच्या कायदेकौन्सिलानें सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा रावबहादुर बोले यांचा ठराव १९२३ सालीं मंजूर केला. पण तो अमलांत आला नाहीं म्हणून २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांस महाडच्या चवदार तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी प्यावें लागलें. महाड कोंकणांतच आहे. पाणी राखणें आणि पाणी कोंडणें यांतील भेद आम्हांस शास्त्रग्रंथांनीं सांगितला होता. तो आचरणांत आणावयास त्या ओंजळीची गरज पडली. म्हणून आजच्या बांधावर प्रत्येक घरचें माणूस जमतें असें आम्हीं वर लिहिलें, त्यांतील ‘प्रत्येक’ हा शब्द जुन्या रीतींतला नसून नव्या रीतींतला आहे, हें येथें स्पष्ट करणें आमचें कर्तव्य आहे.

आतां निष्कर्ष. कान्हेरीचें टांकें, धामापूरचें तळें, सिंधुदुर्गाच्या बावी व गांवचा बांध, या चोहोंत तीन गोष्टी समान आढळतात. पहिली, पाण्याचा कांहीं भाग नित्याच्या वापरांतून वेगळा राखणें. दुसरी, कामाच्या योग्यतेप्रमाणें पाण्याची प्रतवारी करणें. तिसरी, ठरलेल्या काळीं सर्वांनीं अंगमेहनत करणें. दगडी काम शंभर वर्षें दुर्लक्षिलें तरी उभें दिसतें. नियम मात्र तीन वर्षें दुर्लक्षिला कीं मोडतो, आणि तो मोडला म्हणजे उभें असलेलें कामहि निरुपयोगी होतें. कौटिल्यानें यंत्रानें ओढलेल्या पाण्यावर सर्वांत अधिक भाग कां ठेविला, याचें मर्महि येथेंच आहे. जें सहज हातीं येतें त्याची मर्यादा मन राखीत नाहीं. ती नियमानें घालावी लागते. विंधणविहिरीच्या या काळांत तो तिसरा भाग कोणी सरकारास द्यावा असें आमचें म्हणणें नाहीं. तो जमिनीस परत द्यावा, एवढेंच म्हणणें आहे, आणि कार्तिकांतील एक दिवस हा त्या देण्याचा सर्वांत स्वस्त प्रकार आहे.

शेवटीं वाचकांस एक विनंति. राज्यांच्या उलाढालींचे कागद आपण पुष्कळ छापिले. परंतु कोणत्या वाडीचा बांध कोणत्या दिवशीं पडे, पाण्याची पाळी कशी असे, बाव उपसून साफ करण्याचा दिवस कोणता व त्यास कोणत्या घरचें काय देणें असे, याची नोंद क्वचितच झाली आहे. देवस्थानांच्या जमाखर्चांत, गांवरहाटीच्या कागदांत आणि त्याहून अधिक वृद्ध माणसांच्या आठवणींत ती माहिती विखुरलेली आहे. ज्यांस ती मिळण्याजोगी आहे त्यांनीं ती लिहून काढावी. झरा आटला तर पावसाळ्यांत पुन्हां वाहूं लागतो. आठवण आटली म्हणजे तिला पावसाळा नाहीं.